मालक होणं सोपं, पुढे उभं राहणं अवघड: किर्लोस्करवाडीकडून नव्या धंद्यासाठी चार धडे



आधी एक प्रश्न. उद्यापासून दोन दिवस तुम्ही दुकानात नसाल, तर शटर वेळेवर उघडेल का? गिऱ्हाइकाला तोच भाव आणि तशीच वागणूक मिळेल का? उत्तर "नाही" असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठीच आहे.

बीबीएला लीडरशिपच्या व्याख्या पाठ करून घेतात. पण घोटीत काउंटरवर बसल्यावर मला साधा अर्थ कळला: लोकांनी आपल्या शब्दावर काम करावं, असं वागणं म्हणजे नेतृत्व. नव्या धंद्याला नाव नसतं, गल्ल्यात फार पैसा नसतो, मोठा पगार परवडत नाही. होलसेलवाला पहिल्यांदा उधार माल देतो तो तुमच्या शब्दावर. पोरगा कमी पगारात राहतो तोही तुमच्या शब्दावर. म्हणजे सुरुवातीचं खरं भांडवल शब्दच.

हे नीट समजून घ्यायला आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते धंद्यात उतरले. भाऊ रामूअण्णा सोबत होते. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि मग लोखंडी नांगर.

धडा 1: गिऱ्हाईक "नको" म्हणतं तेव्हा घाबरायचं नाही

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपायला लागायला जवळपास दोन वर्षं गेली. त्या काळात पुढचा माणूसच डळमळला असता, तर कारागीर टिकले असते का?

आता हे हट्टाने बसून राहण्याबद्दल नाही हं. तुमचा माल महिनाभर खपला नाही, तर आधी कारण शोधा. माल वाईट आहे, भाव जास्त आहे, की लोकांना त्याची सवय नाही? माल वाईट असेल तर बदला. सवय नसेल तर वापरून दाखवा आणि दम धरा. आणि घरखर्चाला दुसरी एखादी चालू कमाई ठेवा, म्हणजे दम धरता येतो.

धडा 2: कुठे जायचंय ते लोकांना दिसू द्या

बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. विचार करा, जमलेला कारखाना आणि पायाखालची जमीनच गेली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना औंधला बांधकामाचं काम दिलं, 10,000 रुपयांचं कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, निवडुंगाने भरलेला खडकाळ माळ, सापांचा सुळसुळाट. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. सुरुवातीला 25 कामगार कुटुंबांसह त्या माळावर राहायला गेले.

इथे थांबा. बायकामुलं घेऊन कोणी माळावर का जाईल? नुसत्या पगारासाठी नाही. इथे वस्ती होईल, कारखाना होईल, हे मालकाच्या डोळ्यांत त्यांना दिसलं असणार, आणि मालक स्वतः तिथेच राहणार होता. तुमच्या दुकानातल्या पोराला माहीत आहे का, की पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्हाला काय करायचंय? सांगितलंच नसेल, तर तो फक्त सात वाजायची वाट बघणार.

धडा 3: ज्याचं काम त्याला, आणि मग मध्ये बोट नाही

वाडीत रामूअण्णांनी वस्ती आणि कारभार पाहिला, शंभोराव जांभेकरांनी यंत्रं, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर तर राखणीचं काम सोपवलं, आणि त्यांनी तो विश्वास राखला. लक्ष्मणरावांनी डिग्री किंवा मागचा डाग नाही पाहिला, माणूस कुठे चपखल बसतो ते पाहिलं.

माझ्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या दोन मैत्रिणींनी मसाल्याचा धंदा सुरू केला होता. मसाला चांगला, मागणीही चांगली. पण खरेदी दोघी करायच्या, उधारी दोघी द्यायच्या, आणि हिशेब कोणीच लिहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली. मी एवढंच करायला लावलं: एका कागदावर दोन रकाने. खरेदी आणि कांडप एकीचं, विक्री आणि वसुली दुसरीची, हिशेब दर रविवारी दोघींसमोर. धंदाही टिकला आणि मैत्रीही.

दुकानात याची सुरुवात छोट्या अधिकाराने करा. माझ्याकडे 100 रुपयांपर्यंतचा माल बदलून द्यायला मुलांना मला विचारावं लागत नाही. चुकलंच तर जास्तीत जास्त 100 रुपये जातील, पण गिऱ्हाईक ताटकळत नाही आणि पोरगा निर्णय घ्यायला शिकतो.

धडा 4: अडचण येण्याआधी दुसरी वाट शोधून ठेवा

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केले गेले. कच्चा माल नाही म्हणून हात बांधून बसले नाहीत.

आपल्याकडे तोफा नाहीत, पण आवणी आहे! इगतपुरी तालुक्यात पाऊस लागला की भाताच्या आवणीला घरोघरचे हात लागतात आणि दुकानातली पोरं सुट्टी घेतात. त्याच दिवसांत हायवेवरून भंडारदरा-कळसूबाईला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. आवणी दरवर्षी येते, मग दरवर्षी धावपळ कशाला? मे महिन्यातच सगळ्यांना बसवून सुट्ट्यांचं वेळापत्रक लिहा. ज्याची शेती आहे त्याला सुट्टी द्याच, आणि त्या आठवड्यासाठी बदली माणूस आधीच सांगून ठेवा. जो मालक आवणीला अडवतो, त्याचा माणूस दिवाळीआधी सोडून जातो.

एक गोष्ट विसरू नका

नेतृत्व म्हणजे जादू नाही. किर्लोस्करवाडीला राजाचं कर्ज मिळालं, जमीन मिळाली, शेजारी रेल्वे स्टेशन होतं. चुकीच्या जागी, चुकीच्या भावात काढलेला धंदा निव्वळ नेतृत्वावर तरत नाही. पण जागा, पैसा, माल सगळं असून पुढे उभा राहणारा माणूस नसेल, तर आलेली संधीही हातची जाते. आणि आवाज चढवणं म्हणजे पुढे उभं राहणं नव्हे. ठरलेल्या तारखेला पगार, गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाचा अपमान नाही, आणि दिलेला शब्द पाळणं, एवढं केलंत तरी खूप झालं.

या आठवड्याचा गृहपाठ

1. धंद्यातली सगळी कामं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच नाव टाका.
2. तुम्हाला न विचारता घेता येईल असा एक निर्णय, रकमेच्या मर्यादेसह, सहकाऱ्याला द्या.
3. पुढच्या सहा महिन्यांचं उद्दिष्ट दोन वाक्यांत सगळ्यांना सांगा.
4. मग एक दिवस दुकानापासून लांब राहा. फोन करू नका. संध्याकाळी काय अडलं ते लिहून काढा.

जे अडलं, तिथून कामाला लागा. एकटे असाल, अजून एकही माणूस ठेवला नसेल, तरी पहिलं आणि तिसरं आजच करा. माणूस येईल तेव्हा त्याला काय सांगायचं, ते तुमच्याकडे तयार असेल.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा वाढवा, माणसं जपा!