अग्निबाणाची परतीची वाट

दिवाळीच्या रात्री सिल्लोडच्या आकाशात बाण सरसरत वर जातात, क्षणभर चमकतात आणि विझून जातात. त्यांची जळकी काडी पुढे कोठे पडली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु तीच काडी खळ्यावरील कडब्याच्या गंजीवर पडली, तर गुरांचा वर्षाचा चारा घटकाभरात भस्म होतो. वस्तू वर पाठविणे हे अर्धेच काम होय. कोणास इजा न होता ती सुखरूप खाली आणणे हे उरलेले अर्धे काम, आणि ते अधिक कसोटीचे असते.

जगात काही माणसे केवळ आवडीखातर मोठमोठे अग्निबाण तयार करतात. अमेरिकेतील स्टीव्ह ईव्ह्‌ज हे त्यांपैकी एक. मोटारगाड्यांच्या सांगाड्यांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. मानवाला चंद्राकडे नेणाऱ्या 'सॅटर्न-५' या अग्निबाणाची एकदशांश आकाराची प्रतिकृती त्यांनी बनविली. तिची उंची ३६ फूट व वजन सुमारे ७५० किलोग्रॅम होते. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँड राज्यात ती उडविण्यात आली. सुमारे १,३५० मीटर उंची गाठून ती हवाई छत्र्यांच्या आधाराने जमिनीवर उतरली. एवढे धूड तसेच कोसळले असते, तर केवढा अनर्थ झाला असता!

अशा अग्निबाणात बहुधा घन इंधन वापरतात. रबरासारख्या पदार्थात ज्वलनास प्राणवायू पुरविणारे क्षार मिसळून ते तयार करतात. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत वसंत गोवारीकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९३३ साली पुण्यास झाला. १९६७ साली ते केरळातील थुंबा येथील केंद्रात दाखल झाले आणि घन इंधनाच्या संशोधनाची धुरा त्यांनी वाहिली. हे काम प्रयोगशाळेत जाणत्यांनीच करावयाचे असते. घरी ते करू पाहणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

उड्डाणासाठी विस्तीर्ण व निर्मनुष्य मैदान निवडतात आणि आकाशात विमान नाही याची खात्री करून घेतात. अग्निबाण एका उभ्या दांड्याला जोडलेला असतो. आरंभी त्याचा वेग कमी असल्यामुळे शेपटीकडील पंखांना हवेचा आधार मिळत नाही. तोपर्यंत हा दांडाच त्याला सरळ दिशा देतो. सर्व माणसे दूर गेल्यावर विजेच्या तारेने इंधन पेटवितात.

इंधन संपल्यावरही अग्निबाण मिळालेल्या वेगाने वर जात राहतो. हळूहळू तो वेग मंदावतो. जसजसे उंच जावे, तसतसा हवेचा दाब घटतो. अग्निबाणातील उपकरण हा दाब सतत मोजीत असते. दाब घटण्याचे थांबले की शिखर आले, हे ते ओळखते. त्याच क्षणी दारूचा लहानसा स्फोट होऊन अग्निबाणाचे भाग सुटे होतात आणि छत्री बाहेर पडते. येथे वेग सर्वांत कमी असल्याने छत्री फाटण्याचे भय नसते.

परंतु ही पहिली छत्री मुद्दाम लहान ठेवतात. असे का, ते एका हिशेबाने कळेल. समजा, अग्निबाण १,५०० मीटर उंचीवर आहे आणि वारा सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहत आहे. मोठ्या छत्रीने तो सेकंदाला ५ मीटर उतरला, तर त्याला ३०० सेकंद लागतील आणि तेवढ्यात तो १,८०० मीटर दूर वाहत जाईल. याउलट, लहान छत्रीने सेकंदाला २५ मीटर वेगाने ३०० मीटर उंचीपर्यंत येऊन मग मोठी छत्री उघडली, तर सारा प्रवास १०८ सेकंदांत संपेल आणि अग्निबाण सुमारे ६५० मीटरांवरच सापडेल.

भारतीय शास्त्रज्ञांनीही अशाच क्रमाने एक कठीण कामगिरी पार पाडली. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एसआरई-१' ही सुमारे ५५० किलोग्रॅम वजनाची कुपी अवकाशात गेली. तिला नेणाऱ्या अग्निबाणाचा पहिला टप्पा घन इंधनाचाच होता. बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून २२ जानेवारीस ती परतली. वातावरणात शिरताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर होता. त्या वेगाने सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरास पोहोचावयास आठ-नऊ सेकंद पुरतील! हवेच्या घर्षणाने तिचा वेग उतरला, तीव्र उष्णता तिच्या कवचाने सोसली. सुमारे ५ किलोमीटर उंचीवर लहान छत्र्या व २ किलोमीटरवर मोठी छत्री उघडली. अखेर सेकंदाला १२ मीटर वेगाने ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तरंगत राहिली. तटरक्षक दल व नौदल यांच्या साहाय्याने ती सुखरूप हाती आली.

त्या कुपीत माणूस नव्हता. परंतु ज्याला माणूस अवकाशात पाठवावयाचा आहे, त्याने त्याला परत आणण्याची विद्या आधी हस्तगत केली पाहिजे. म्हणूनच उड्डाणाची घटका येण्यापूर्वी परतीची वाट आखून ठेवावी लागते.