वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मुलीला मात्र वडिलांच्या पश्चात त्यांच्या हिश्शातील वाटाच मिळत असे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मसिद्ध हिस्सेदार केले. तथापि त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वंचितच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही दूर केला.

परंतु त्या दिवशी वडील हयात नसतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असणे आवश्यक मानले. २०१८ च्या निर्णयाचा रोख निराळा होता. हा संभ्रम ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दूर केला. मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याने वडील हयात असण्याची अट उरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

२० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मात्र अबाधित राहते. केवळ तोंडी वाटप झाल्याचे सांगणे पुरेसे नाही. त्यास सार्वजनिक दस्तऐवजांचा सबळ आधार लागतो.

बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत गावोगावी आहे. तशी सही करण्यापूर्वी आपण काय सोडत आहोत, हे तिला ठाऊक असले पाहिजे. हक्क राखावा की सोडावा, हा निर्णय सर्वस्वी तिचाच आहे.