अंधारातील शेतकरी

समुद्रात १००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोचत नाही. तेथील कित्येक मासे स्वतःच प्रकाश निर्माण करतात. पण प्रकाशाने पोट भरत नाही! त्यांपैकी बहुतेकांचे अन्न शेवटी वरच्या थरांतूनच येते. मेलेल्या जीवांचे कण सावकाश खाली येत असतात.

असाच काळोख चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही आहे. कोठे? वाळवीच्या वारुळात! तेथील कामकरी आणि सैनिक आंधळे असतात. मग त्यांना वाट कशी सापडते? पुढे गेलेल्या वाळवीने जमिनीवर गंधाची रेघ ओढलेली असते. तिच्यावरून मागच्या चालतात. धोका दिसला, नव्हे जाणवला, की सैनिक डोके आपटतात. तो हादरा इतरांना कळतो. डोळे उपयोगी पडतात ते पंखवाल्या वाळवीला, कारण पहिल्या पावसानंतर तिला बाहेर उडायचे असते.

वारुळात ही वाळवी चक्क शेती करते. कामकरी पाचोळा, काटक्या खातात. त्यांच्या विष्ठेच्या वाफ्यांवर बुरशी वाढते. लाकडातील जे घटक वाळवीला पचवणे अवघड, ते बुरशी मऊ करते. मग वाळवी तो वाफा खाते. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. त्याच आपल्याकडच्या चविष्ट सात्या!

पाचोळा मात्र पानांचा, आणि पाने वाढली उन्हात. म्हणजे सूर्य न पाहणारी वाळवीही सूर्यावरच जगते. वणव्यात पाचोळा जळतो, तेव्हा तिच्या शेतीचे खत जळते. आता सांगा बरे, त्या वर्षी सात्यांचे काय होईल?