मनोऱ्यावरून काय दिसतें?

उंच जागीं चढून सभोंवार पाहण्याची हौस लहानथोर सर्वांनाच असते. ही हौस पुरविणारें एक जगप्रसिद्ध स्थान म्हणजे फ्रान्सच्या राजधानींतील, पॅरिसमधील, आयफेल मनोरा. आज आपण मनानेंच त्यावर चढूं, आणि तेथून काय दिसतें व किती दूरचें दिसतें याचा विचार करूं.

फ्रेंच राज्यक्रांतीस शंभर वर्षें झाल्याप्रीत्यर्थ १८८९ सालीं पॅरिस येथें जागतिक प्रदर्शन भरलें. त्यासाठीं गुस्ताव आयफेल यांच्या कारखान्यानें हा लोखंडी मनोरा उभारला. १८८७ च्या जानेवारींत पाया खणण्यास आरंभ झाला आणि १८८९ च्या मार्चअखेर काम पुरें झालें. त्या वेळीं त्याची उंची सुमारें ३०० मीटर होती. पुढें माथ्यावर प्रक्षेपणाचे खांब चढल्यामुळें ती आतां ३३० मीटर झाली आहे. प्रेक्षकांसाठीं ५७, ११५ व २७६ मीटर उंचीवर असे तीन मजले आहेत. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जातां येतें; तेथून वर मात्र लिफ्टनेंच जावें लागतें.

पहिल्या मजल्यावरून खालचीं माणसें, झाडें व गाड्या ओळखूं येतात. दुसऱ्यावरून शहराची रचना उलगडते. सीन नदीचें वळण व तिजवरील पूल, इन्व्हॅलिदचा सोनेरी घुमट, मोंमार्त्र टेकडीवरील शुभ्र प्रार्थनामंदिर, आणि जिच्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बारा हमरस्ते फांकले आहेत ती विजयकमान, हीं सर्व एका दृष्टिक्षेपांत येतात. अगदीं वरच्या मजल्यावरून शहराच्या पलीकडचा मुलूखहि दिसतो. पण खालचा मनुष्य आतां केवळ ठिपका झालेला असतो. विस्तार वाढतो तसा तपशील हरपतो.

आतां थोडें गणित करूं. पृथ्वी गोल असल्यामुळें डोळ्यापासून क्षितिजापर्यंत काढलेली रेषा पृथ्वीस स्पर्श करून जाते. म्हणजे ती स्पर्शिका होय. स्पर्शिका व त्रिज्या यांमध्यें काटकोन असतो हें तुम्ही भूमितींत शिकलांच आहां. या काटकोन त्रिकोणास पायथागोरसचा सिद्धांत लावला म्हणजे एक सोपा नियम मिळतो: उंचीचे जितके मीटर असतील त्या संख्येचें वर्गमूळ काढून त्यास ३.५७ नें गुणावें, कीं क्षितिजाचें अंतर किलोमीटरमध्यें येतें. ५७ मीटरवरून सुमारें २७ किलोमीटर, आणि २७६ मीटरवरून सुमारें ५९. उंची जवळजवळ पांचपट झाली, पण दृष्टीची मजल दुपटीहून किंचितच अधिक वाढली! दुप्पट दूर पाहावयाचें तर चौपट उंच चढावें लागतें.

परंतु नुसतें दूर दिसणें एवढ्यावर हा मनोरा टिकला नाहीं. शहरानें त्यास वीस वर्षांपुरतीच परवानगी दिली होती. मुदत सरल्यावर तो पाडला जाण्याचा संभव होता. आयफेल यांनीं हें ओळखून त्यास कामास लाविलें. माथ्यावर हवामानाचीं निरीक्षणें सुरू केलीं. उंचीवरून वस्तु खालीं सोडून हवेच्या विरोधाचें मापन केलें. बिनतारी संदेशांच्या प्रयोगांस मनोरा मोकळा केला. १८९८ सालींच येथून सुमारें चार किलोमीटरवरील पँथिऑनपर्यंत संदेश पोंचला होता. बिनतारी यंत्रणेस असा उंच आधार मोलाचा ठरला, आणि १९१० च्या आरंभापासून मनोऱ्यास पुढील सत्तर वर्षांची मुदत मिळाली.

त्याच वर्षाच्या वसंतऋतूंत थिओडोर वुल्फ नांवाचे एक जर्मन शिक्षक या मनोऱ्यावर आले. ते जेझुइट धर्मगुरु असून हॉलंडमध्यें पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्याजवळ स्वतः रचलेलें एक विद्युन्मापक यंत्र होतें. हवेला विद्युद्भारित करणारे किरण जमिनींतूनच येतात, असा तेव्हां समज होता. तसें असेल तर मनोऱ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नाहींसे व्हावयास पाहिजेत. वुल्फ यांनीं कित्येक दिवस खालीं व वर मोजणी केली. किरण कमी झाले खरे, पण अपेक्षेहून फारच थोडे. माथ्यावरहि ते निम्म्याहून अधिक उरले. मग उरलेले कोठून येतात? या प्रश्नाचा मागोवा घेत व्हिक्टर हेस १९१२ सालीं फुग्यांतून पांच किलोमीटरहून उंच गेले, तों किरण उलट वाढलेले आढळले. ते आकाशांतून येत होते! वैश्विक किरणांच्या या शोधाबद्दल हेस यांस १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

लाखों प्रेक्षकांनीं त्या कठड्याशीं उभें राहून पॅरिस पाहिलें. वुल्फ त्याच मनोऱ्यावर चढले. पण त्यांच्यापाशीं एक प्रश्न होता, म्हणून इतरांस न दिसलेलें त्यांस दिसलें.

मुलांनो, यासाठीं पॅरिसलाच जावयास पाहिजे असें नाहीं. गच्चीवर तुमचा डोळा जमिनीपासून ९ मीटर उंच असेल, तर सपाट प्रदेशांत क्षितिज सुमारें पावणेअकरा किलोमीटरांवर येतें. वहीपेन्सिल घेऊन चढा; काय दिसलें तें लिहा, आणि काय दिसावयास हवें होतें पण दिसलें नाहीं, तेंहि लिहा. पालकांसहि एक विनंति आहे. मूल खालीं उतरून आलें म्हणजे "काय पाहिलेंस?" एवढेंच विचारून थांबूं नये, "तेथें तुला कोणता प्रश्न पडला?" असेंहि विचारावें.