बेअरिंग गेलंय? क्रँकच्या भोकांचं काय, ते आधी विचारा

ऑइलचं प्रेशर पडलं, खालून ठोका यायला लागला आणि चेंबर उतरवल्यावर तळाच्या ऑइलमध्ये चमचमणारा चुरा दिसला, की ट्रॅक्टरचं बेअरिंग गेलं हे कोणालाही कळतं. मिस्त्री लगेच खर्चाची यादी सांगतो : बेअरिंगचा सेट, क्रँकचं ग्राइंडिंग, गॅस्केट, ऑइल, मजुरी. क्रँकच्या आतले ऑइलचे मार्ग साफ करणं या यादीत बहुधा नसतं. खर्च किरकोळ असतो, पण ते राहिलं तर बाकीचे सगळे पैसे पाण्यात जाऊ शकतात.

कारण समजून घ्या. पंप ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून मेन गॅलरीत जातं, तिथून मेन बेअरिंगला आणि मेन जर्नलमधल्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागातल्या, भोकातून क्रँकच्या पोटातून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पोचतं. म्हणजे फिल्टर आधी आणि क्रँक नंतर. बेअरिंग झिजताना निघालेला चुरा क्रँकच्या भोकात अडकला असेल, तर इंजिन बांधून चालू केल्यावर तो थेट नव्या बेअरिंगवर येतो. वाटेत त्याला अडवायला काहीच नसतं. फिल्टर चुऱ्याने तुंबलेला असेल तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सगळीकडे फिरतं, त्यामुळे घाण एका बेअरिंगपुरती राहत नाही.

काही क्रँकमध्ये हे मार्ग तिरके आणि आरपार असतात. तिथे काम सोपं. बऱ्याच क्रँकमध्ये मात्र आडवं भोक पाडून त्याचं बाहेरचं तोंड स्क्रूने किंवा डमी ठोकून बंद केलेलं असतं. क्रँक फिरताना जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि नेमके या बंद टोकाला साचतात. डमी काढली की आत काळा, घट्ट, चिकट गाळ दिसतो आणि बोटांत चोळला तर त्यात धातूची कणी लागते. नुसती कॉम्प्रेसरची हवा मारून हा गाळ निघत नाही. हवा मोकळ्या भोकातून निघून जाते, बंद टोकाचा गाळ जागच्या जागी राहतो.

म्हणून कामाचा क्रम ठरवून घ्या. आधी स्क्रू किंवा डमी काढायची. मग केरोसीन किंवा गरम केमिकलच्या टाकीत क्रँक भिजवायचा आणि भोकाच्या मापाचा लांब ब्रश दोन्ही बाजूंनी घालून घासायचा. मग ग्राइंडिंग. ग्राइंडिंगनंतर पुन्हा धुवायचं, कारण दगडाची बारीक कचही याच भोकांत शिरते. ग्राइंडिंगहून आलेला क्रँक वरून चकाचक दिसतो, त्यावर जाऊ नका. भोकांच्या कडा धारदार राहिल्या असतील तर त्या मोडून घ्यायला सांगा, नाहीतर नवं बेअरिंग ओरखडतं. शेवटी गरम साबणाच्या पाण्याने धुणं, हवा, लगेच ऑइलचा हात आणि नव्या डमी. डमी बसवण्याआधी आत पांढरं सुती फडकं ओढून पाहा. फडक्यावर काळं आलं तर काम झालेलं नाही. एवढी एक गोष्ट स्वतः उभं राहून पाहाच.

आता पैशांचं. तीन सिलिंडरच्या, चाळीस-पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरसाठी तालुक्याच्या गावातला ढोबळ अंदाज असा : मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा सेट २ ते ४ हजार, ग्राइंडिंग २ ते ४ हजार, ऑइल पंप २ ते ५ हजार, गॅस्केट आणि सील १ ते अडीच हजार, ऑइल आणि फिल्टर मिळून अडीच ते ४ हजार आणि मजुरी ६ ते १२ हजार. क्रँक काढायला इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवावं लागतं, म्हणून मजुरी जास्त. एकूण साधारण १६ ते ३२ हजार. डमी काढून क्रँक साफ करण्याचे यात ५०० ते दीड हजार रुपये वाढतील. जीएसटीचं बिल असेल तर मजुरीवर १८ टक्के वेगळे धरा. मेक आणि मॉडेलप्रमाणे आकडे हलतील, म्हणून दोन ठिकाणी विचारून लेखी कोटेशन घ्या.

पंपावर काटकसर करू नका. चेंबरमधला चुरा सगळ्यांत आधी पंपातूनच जातो आणि पंपाच्या तोंडाची चाळणी फक्त मोठे तुकडे अडवते. ऑइल कूलर असेल तर तो बदललेलाच बरा. आतल्या बारीक नळ्या खात्रीने साफ होत नाहीत. ब्लॉकच्या गॅलरीचे प्लगही काढून धुवायला सांगा. जर्नल तापून निळा पडला असेल तर ग्राइंडिंगआधी तडा आणि कडकपणा तपासून घ्या. तडा निघाला तर त्या क्रँकवर एक रुपयाही घालू नका.

बेअरिंग मुळात का गेलं, हेही विचारा : ऑइल कमी होतं, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळलं होतं, की चाळणी तुंबली होती? कारण सापडलं नाही तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल. इंजिन बांधल्यावर स्टॉप ओढून धरून स्टार्टर मारायला लावा आणि प्रेशरचा काटा वर आला की मगच इंजिन चालू करा. कंपनीने सांगितलेल्या तासांची वाट न पाहता पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून आत चुरा आहे का ते पाहा.

बिलावर ‘क्रँक व गॅलरी प्लग काढून सफाई’ ही ओळ वेगळी लिहून घ्या आणि जुनी बेअरिंग परत मागा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर चालवणारा शेतकरीही कायद्याने ग्राहक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आणि मिस्त्री ‘हवा मारली की झालं’ म्हणाला, तर क्रँक दुसरीकडे न्या.