ट्रॅक्टरचें स्टिअरिंग : साधें कीं पॉवरचें ?

ट्रॅक्टर घ्यावयाचा ठरला म्हणजे शेतकरी बंधू प्रथम अश्वशक्ति विचारतात, मग किंमत. आणि अगदीं शेवटीं विक्रेता विचारतो, स्टिअरिंग साधें द्यावयाचें कीं पॉवरचें? ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा खिसा पाहून दिलें जातें. आमच्या मतें तें शेत पाहून द्यावें.

साध्या स्टिअरिंगमध्यें चालकाच्या हाताचा जोर दांत्यांच्या पेटींतून व लोखंडी दांड्यांतून पुढच्या चाकांस पोंचतो. पेटी तो जोर वाढविते खरी, परंतु त्याच्या मोबदल्यांत चक्राचे फेरे अधिक घ्यावे लागतात. पॉवर स्टिअरिंगमध्यें इंजिनावर चालणारा पंप तेलास दाब देतो व चाकें तें तेल वळवितें; चालक केवळ झडप उघडतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत चक्र आणि चाकें ह्यांना जोडणारा दांडा मुळींच नसतो, असतात त्या तेलाच्या नळ्या. मोटारींत ही सोय प्रथम क्रायस्लर कंपनीनें १९५१ सालीं विक्रीस आणली.

वेगाच्या गाडीस पॉवर स्टिअरिंग हवेंच, अशी समजूत आढळते. फॉर्म्युला वन शर्यतीच्या मोटारींस तें असतें. अमेरिकेंतील इंडीकार मोटारींस मात्र नसतें, तेथें चालक दंडाच्या बळावरच वळणें घेतो. पण ती शर्यत कांहीं तासांत संपते. आमचा नांगऱ्या दिवसभर बसतो, आणि प्रत्येक तासाच्या शेवटीं त्यास ट्रॅक्टर फिरवावा लागतो.

म्हणून भाताची चिखलणी, पुढें लोडर लावून माती उचलणें, किंवा द्राक्षबागेच्या अरुंद ओळींतून वारंवार वळणें, हीं ज्याचीं मुख्य कामें, त्यानें जादा पैसे द्यावेत. लोडरचा भार पुढच्या आसावर येतो व साधें चक्र उभ्या जागीं हलतां हलत नाहीं. शिवाय धोंडा लागला असतां साधें चक्र उलटा झटका देतें. ह्याकरितां अंगठे चक्राच्या आंत कधींही गुंतवूं नयेत.

ऊस ओढणारांस मात्र आम्ही सावध करूं इच्छितों. भरलेल्या ट्रॉलीचा भार मागच्या आंकड्यावर पडला कीं ट्रॅक्टरचें तोंड हलकें होतें व पुढचीं चाकें रस्ता सोडूं लागतात. हा दोष स्टिअरिंगचा नव्हे आणि पॉवर स्टिअरिंगनें तो जातही नाहीं. उलट साध्या चक्रावर चाकें हलकीं झाल्याचें हातास तरी थोडेंबहुत कळतें. तेलाच्या चक्रावर तें नीटसें उमगत नाहीं. इलाज एकच : ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढच्या आसावर राहील, इतकीं वजनें पुढें बसवावीं आणि ट्रॉली बेतानें भरावी. चढावर तोंड उचललें गेलें तर कोणतेंही स्टिअरिंग कामास येत नाहीं.

दुसरें असें कीं, इंजिन बंद पडलें म्हणजे पंप थांबतो. त्यानंतर चक्र फिरतें, पण अतिशय जड. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करण्याची खोड साध्या ट्रॅक्टरवरही वाईटच. पॉवरच्या ट्रॅक्टरवर ती जिवावर बेतते.

साध्या स्टिअरिंगची निगा स्वस्त : ग्रीस वेळेवर भरणें, गोळ्यांच्या सांध्यांतली ढील पाहणें. पॉवरच्या बाबतींत तेलाची स्वच्छता मुख्य. धुळींत झांकण उघडून घाणेरड्या डब्यानें तेल ओतलें कीं झडप खराब होते आणि ती गांवच्या मिस्त्रीच्या हातीं नीट होईलच असें नाहीं. आपल्या तालुक्यांत ती दुरुस्त होते किंवा कसें, तें खरेदीपूर्वीं विचारून घ्यावें.

जुना साधा ट्रॅक्टर अलीकडे जड चालूं लागला असेल, तर पॉवर स्टिअरिंग बसविण्याचा खर्च काढण्याअगोदर पुढच्या टायरांतली हवा मोजावी व किंगपिनांस ग्रीस पोंचतें कीं नाहीं तें पाहावें. कित्येक वेळां जडपणा तेथेंच असतो.