इंग्रजीतील जोडक्रियापदे कशी शिकवावीत

'लुक आफ्टर द गोट' याचा अर्थ 'नंतर शेळीकडे पाहा' असा सांगणारा विद्यार्थी मंद नव्हे. त्याने सुटे शब्द चोख पाठ केले आहेत. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. पण जोडक्रियापदाचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेने निघत नाही, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

येथे मायबोलीचे साहाय्य घ्यावे. 'भात खाऊन टाक' असे आई म्हणते, तेव्हा मूल भात फेकीत नाही. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. शाळेत प्रत असल्यास अवश्य पाहावी. 'ईट अप'मधील 'अप' म्हणजे आपले हे 'टाक'च. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. वर जाण्याचा तेथे संबंध नाही.

भेद असा की, काळ बदलताना मराठीत शेवटचा शब्द बदलतो, 'खाऊन टाकले'. इंग्रजीत पहिला, 'एट अप'. सर्वनामाची जागाही दाखवावी. चपलांविषयी 'टेक देम ऑफ' म्हणतात, शेळीविषयी मात्र 'लुक आफ्टर हर' असेच.

याद्या घोकवून घेणे मला पसंत नाही. रोवणीच्या दिवसांत मुले बांधीवर असतात. पऱ्हे उपटणे म्हणजे 'पुल अप' (येथे मात्र 'अप' खरोखरच वर!), सायंकाळी परतणे म्हणजे 'कम बॅक'. आठवड्यास चारच क्रियापदे घ्यावीत आणि प्रत्येक मुलाकडून त्याचे स्वतःचे वाक्य वदवून घ्यावे.